११०५ चे गुणधर्म काढायचे कसे: क्रम, पडताळणी आणि नेहमीच्या चुका

संख्येचे गुणधर्म काढताना बहुतेक चुका क्रमामुळे होतात. मूळ अवयव पाडण्याचं काम अर्धवट सोडून लोक थेट विभाजकांची बेरीज काढायला घेतात. मग पुढचं प्रत्येक उत्तर चुकतं, आणि चुकलेलं उत्तरही नीटनेटकं दिसत असल्यामुळे कुणाला शंका येत नाही. या लेखात ११०५ ही एकच संख्या घेऊन सगळी प्रक्रिया क्रमाने केली आहे. ही संख्या हाताने सोडवता येईल इतकी लहान आहे, आणि नेहमीच्या जवळजवळ प्रत्येक चुकीला तिच्यात वाव आहे. म्हणूनच ती निवडली. हीच पद्धत इतर कुठल्याही पूर्ण संख्येला लावता येईल.

## तयारी

कागद, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरे. सुरुवात करण्याआधी दोन याद्या कागदाच्या वरच्या भागात लिहून ठेवा.

पहिली यादी ५० पर्यंतच्या मूळ संख्यांची: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७. यात १ नाही, आणि ५१ (३ × १७) किंवा ९१ (७ × १३) अशा फसव्या संख्यांना पुढे यादी वाढवतानाही जागा नाही.

दुसरी यादी १ ते ३४ यांच्या वर्गांची. ती चौथ्या टप्प्यात लागेल.

उरलेल्या कागदाचे उभे दोन भाग करा. डावीकडे उत्तर लिहा आणि उजवीकडे तेच उत्तर दुसऱ्या वाटेने काढून लिहा. तीच आकडेमोड पुन्हा करणं ही पडताळणी नव्हे, कारण डोळा तीच चूक पुन्हा सहज करतो. वाट वेगळीच हवी.

## टप्पा १: मूळ अवयव, शेवटपर्यंत

आधी हद्द ठरवा. ३३ × ३३ = १०८९ आणि ३४ × ३४ = १,१५६. म्हणजे ११०५ चे दोन अवयव असतील, तर दोन्ही ३३ पेक्षा मोठे असू शकत नाहीत. तसे असते तर गुणाकार निदान १,१५६ झाला असता. त्यामुळे ३१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे.

आता लहानापासून सुरुवात करा.

१. २: शेवटचा अंक ५ आहे, म्हणजे संख्या विषम. भाग जात नाही.

२. ३: अंकांची बेरीज १ + १ + ० + ५ = ७. भाग जात नाही, आणि म्हणून ९ नेही जात नाही.

३. ५: भाग जातो. ११०५ = ५ × २२१.

इथेच सर्वाधिक लोक थांबतात. २२१ ही संख्या मूळ वाटते: विषम आहे, ५ ने संपत नाही, अंकांची बेरीजही ५ च येते. पण वाटण्यावर काही लिहायचं नाही. २२१ ची हद्द नव्याने काढा. १४ × १४ = १९६ आणि १५ × १५ = २२५, म्हणजे १३ पर्यंत तपासायचं. ५ ने पुन्हा भाग जात नाही. ७ ने भागल्यावर बाकी ४ उरते, ११ ने भागल्यावर १. आणि १३ × १७ = २२१.

म्हणून ११०५ = ५ × १३ × १७.

सावधान: प्रत्येक वेळी अवयव सापडला की हद्द उरलेल्या संख्येवरून नव्याने काढायची आणि तोच अवयव पुन्हा एकदा लावून पाहायचा. ११०५ मध्ये ५ एकदाच येतो, पण ११२५ घेतली तर ५ तीनदा निघतो.

२२१ ला मूळ मानलं तर काय होतं, ते एकदा आकड्यांत पाहून घ्या. विभाजक ८ ऐवजी ४ येतात, त्यांची बेरीज १,५१२ ऐवजी १,३३२ येते, आणि ११०५ शी सहमूळ असलेल्या (म्हणजे ११०५ पर्यंतच्या, आणि तिच्याशी १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ७६८ ऐवजी ८८० येतात. तिन्ही उत्तरं दिसायला ठीकच दिसतात. एका ठिकाणी थांबल्यामुळे पूर्ण पान वाया जातं.

तपासा: शेवटच्या प्रत्येक अवयवासाठी तो मूळ असल्याचं कारण देता आलं पाहिजे. १७ साठी: ४ × ४ = १६ आणि ५ × ५ = २५, म्हणून २ आणि ३ तपासले की झालं.

## टप्पा २: घातांकाच्या कसोटीवर किती विसंबायचं

अवयव पाडायचा कंटाळा आला की काही जण फर्माच्या कसोटीकडे वळतात. नियम असा: न ही मूळ संख्या असेल आणि अ ला न ने भाग जात नसेल, तर अ चा (न − १) वा घात न ने भागल्यावर बाकी १ उरते. नियम खरा आहे. चूक होते ती तो उलटा वापरल्याने: बाकी १ उरली म्हणजे संख्या मूळ, असं लोक धरून चालतात.

११०५ वर करून पाहा. २ चा २४ वा घात म्हणजे १,६७,७७,२१६. आता ११०५ × १५,१८३ = १,६७,७७,२१५, म्हणजे बाकी बरोबर १. आणि १,१०४ = २४ × ४६, म्हणून २ च्या १,१०४ व्या घाताचीही बाकी १ च. कसोटी "पास" झाली, पण संख्या तर ५ × १३ × १७ आहे.

२ ऐवजी ३ किंवा ७ घेऊनही सुटका नाही. ११०५ शी सहमूळ असलेली कुठलीही संख्या घेतली तरी बाकी १ च येते. अशा संयुक्त संख्यांना कार्मायकेल संख्या म्हणतात. सर्वांत लहान तीन आहेत ५६१, ११०५ आणि १,७२९. अशा संख्या अनंत आहेत हे १९९४ मध्ये सिद्ध झालं, त्यामुळे अपवादांची यादी पाठ करून भागत नाही.

संख्या या प्रकारची आहे का, हे कोर्सेल्टच्या निकषाने ठरवायचं. त्यासाठी अवयव हातात हवेत, म्हणूनच हा टप्पा दुसरा. निकषाच्या अटी तीन: संख्या संयुक्त असावी, कुठलाही मूळ अवयव दोनदा येऊ नये, आणि प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करून येणाऱ्या संख्येने (न − १) ला भाग जावा. इथे १,१०४ ÷ ४ = २७६, १,१०४ ÷ १२ = ९२, १,१०४ ÷ १६ = ६९. तिन्ही भाग पूर्ण जातात.

अवयव न पाडता संख्या संयुक्त असल्याचं सिद्ध करायचं असेल, तर एक पायरी आत जा. हा भाग सावकाश वाचा, तो वाचण्यासारखा आहे. २ चा १२ वा घात ४,०९६. त्यातून ३ × ११०५ = ३,३१५ वजा केले की बाकी ७८१. आता ७८१ चा वर्ग ६,०९,९६१, आणि ११०५ × ५५२ = ६,०९,९६०. म्हणजे ७८१ च्या वर्गाची बाकी १. संख्या मूळ असती, तर ज्यांच्या वर्गाची बाकी १ येते अशा बाक्या दोनच असत्या: १ आणि १,१०४. इथे ७८१ ही तिसरी सापडली. ११०५ संयुक्त असल्याचा हा पक्का पुरावा आहे.

एवढ्यावरच थांबू नका. ७८१ च्या वर्गातून १ वजा केला की ७८० × ७८२ मिळतं आणि त्याला ११०५ ने भाग जातो. पण दोघांपैकी एकट्याला जात नाही. याचा अर्थ ११०५ चे अवयव या दोघांत वाटले गेले आहेत. ७८० आणि ११०५ यांचा मसावि ६५, तर ७८२ आणि ११०५ यांचा १७. आणि ६५ × १७ = ११०५. पहिल्या टप्प्याची पडताळणी अगदी वेगळ्या वाटेने झाली. उजव्या रकान्यात हीच लिहा.

## टप्पा ३: विभाजक, त्यांची बेरीज, सहमूळ संख्या

अवयव पक्के झाले की हा टप्पा लवकर उरकतो.

विभाजकांची संख्या: प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार. तिन्ही घातांक १, म्हणून २ × २ × २ = ८.

विभाजक जोडीने लिहा, म्हणजे एखादा सुटत नाही: १ × ११०५, ५ × २२१, १३ × ८५, १७ × ६५.

विभाजकांची बेरीज: ६ × १४ × १८ = १,५१२. दुसऱ्या वाटेने: १ + ५ + १३ + १७ + ६५ + ८५ + २२१ + ११०५ = १,५१२.

यातून संख्या स्वतः वगळली की ४०७ उरतात. ४०७ हे ११०५ पेक्षा कमी, म्हणून ही संख्या परिपूर्ण (म्हणजे स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांच्या बेरजेइतकी) नाही. इथली चूक ठरलेली असते: परिपूर्ण आहे का हे पाहताना संख्या स्वतः वगळायची राहून जाते.

सहमूळ संख्या, म्हणजे ऑयलरचं फाय फलन: ४ × १२ × १६ = ७६८. दुसरी वाट मोजणीची. ५ च्या पटी २२१, १३ च्या ८५, १७ च्या ६५, मिळून ३७१. दोनदा वजा झालेल्या परत मिळवायच्या: ६५ च्या पटी १७, ८५ च्या १३, २२१ च्या ५; मिळून ३५. तिन्हींची सामाईक पट एक. ११०५ − ३७१ + ३५ − १ = ७६८. जुळलं.

सावधान: ११०५ चे सगळे घातांक १ आहेत, त्यामुळे अर्धवट पाठ असलेलं सूत्रही इथे बरोबर उत्तर देतं. सूत्र नीट येतं का, हे १२ वर पाहा. १२ = २ × २ × ३. विभाजक ३ × २ = ६, त्यांची बेरीज ७ × ४ = २८, सहमूळ संख्या ४ (१, ५, ७, ११). १२ साठी सहमूळ संख्या २ च आल्या, तर २ हा अवयव दोनदा आल्याचा हिशोब चुकला आहे.

## टप्पा ४: दोन वर्गांची बेरीज

११०५ ची खरी श्रीमंती इथे आहे, आणि गोंधळही इथेच सर्वाधिक होतो.

आधी शक्यता तपासा. अट अशी: ४ ने भागल्यावर ३ बाकी देणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. ५, १३ आणि १७ या तिघांना ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, म्हणून अडचण नाही.

सावधान: ही कसोटी मूळ अवयवांवर लावायची, संख्येवर नाही. २१ ला ४ ने भागल्यावर बाकी १ च उरते, पण २१ = ३ × ७, आणि ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही.

आता किती प्रकार येणार ते आधी ठरवा आणि मग शोधा. मोजणी आधी झाली की शोध कुठे थांबवायचा ते कळतं. आपल्या संख्येत सगळे मूळ अवयव ४ ने भागल्यावर १ बाकी देणारे आहेत. अशा वेळी घातांकांत १ मिळवून गुणाकार करा आणि त्याचं निम्मं घ्या: ८ ÷ २ = ४. (गुणाकार विषम आला तर १ मिळवून निम्मं करायचं.)

शोधण्यासाठी ब्रह्मगुप्ताची सर्वसमानता वापरा. पहिली संख्या अ आणि ब यांच्या वर्गांची बेरीज असेल, दुसरी क आणि ड यांच्या, तर गुणाकार दोन प्रकारे मिळतो: (अक − बड) आणि (अड + बक) यांच्या वर्गांची बेरीज, तसंच (अक + बड) आणि (अड − बक) यांच्या वर्गांची बेरीज. वजाबाकी ऋण आली तर चिन्ह सोडून द्या, कारण वर्गच घ्यायचा आहे.

१. ५ साठी (२, १), १३ साठी (३, २), १७ साठी (४, १).

२. ५ × १३ = ६५. पहिल्या प्रकाराने ६ − २ = ४ आणि ४ + ३ = ७, म्हणजे (७, ४). दुसऱ्याने ६ + २ = ८ आणि ४ − ३ = १, म्हणजे (८, १). तपासा: ४९ + १६ = ६५, ६४ + १ = ६५.

३. (८, १) ला (४, १) शी जोडा: (३१, १२) आणि (३३, ४).

४. (७, ४) ला (४, १) शी जोडा: (२४, २३) आणि (३२, ९).

वर्गांच्या यादीवरून पडताळणी:

३३ × ३३ + ४ × ४ = १,०८९ + १६ = ११०५
३२ × ३२ + ९ × ९ = १,०२४ + ८१ = ११०५
३१ × ३१ + १२ × १२ = ९६१ + १४४ = ११०५
२४ × २४ + २३ × २३ = ५७६ + ५२९ = ११०५

चार अपेक्षित होते, चार मिळाले. दुसऱ्या पायरीत ६५ चा एकच प्रकार घेऊन पुढे गेलात, तर दोनच हाती लागतात. ही चूक फार जण करतात.

काही ठिकाणी ही मोजणी ३२ अशी दिलेली आढळते. तीही बरोबर आहे: तिथे (३३, ४) आणि (४, ३३) वेगळे धरले आहेत आणि ऋण चिन्हंही मोजली आहेत. कुठली मोजणी करताय ते उत्तराशेजारी लिहा.

## टप्पा ५: त्याच कागदावरून मिळणाऱ्या दोन गोष्टी

काटकोन त्रिकोण: वरच्या प्रत्येक जोडीतून ११०५ कर्ण असलेला त्रिकोण मिळतो. वर्गांची वजाबाकी ही एक बाजू, जोडीच्या गुणाकाराची दुप्पट ही दुसरी. (३३, ४) वरून २६४ आणि १,०७३. (३२, ९) वरून ५७६ आणि ९४३. (३१, १२) वरून ७४४ आणि ८१७. (२४, २३) वरून ४७ आणि १,१०४. प्रत्येक वेळी दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज १२,२१,०२५ यायला हवी.

हे चार म्हणजे सगळे नव्हेत. ३, ४, ५ ला २२१ ने गुणलं तरी कर्ण ११०५ च होतो. असे लहान त्रिकोण मोठे करून आणखी ९ मिळतात, म्हणजे एकूण १३.

दोन वर्गांची वजाबाकी: विभाजकांची जोडी घ्या, बेरजेचं निम्मं आणि वजाबाकीचं निम्मं काढा. १७ आणि ६५ वरून ४१ आणि २४, म्हणजे १,६८१ − ५७६ = ११०५. तसंच (४९, ३६), (११३, १०८) आणि (५५३, ५५२). चार जोड्या, चार प्रकार.

## टप्पा ६: संख्येचं आणि लिखाणाचं वेगळं ठेवा

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे होते. ती कुठल्याही पद्धतीत लिहिली तरी ते तेच राहतात. पुढचे दोन आपण निवडलेल्या अंकपद्धतीचे आहेत. माझ्या मते दोन्ही एकाच यादीत लिहूच नयेत.

द्विमान पद्धत: ११०५ = १,०२४ + ६४ + १६ + १, म्हणून लिखाण १०००१०१०००१. उलटं वाचलं तरी तेच. चार पायाच्या पद्धतीत १०११०१, तेही तसंच. आपल्या दशमान पद्धतीत मात्र ११०५ उलटं वाचलं की ५०११ होतं. "११०५ दोन्हीकडून सारखी वाचता येते" एवढंच विधान अपुरं आहे. पाया सांगायलाच हवा.

दशांश अपूर्णांक: १ ÷ ११०५ = ०.०००९०४९७७३७५५६५६… कॅल्क्युलेटरवर आवर्तन दिसत नाही, कारण त्याची पाटी लहान पडते. ते काढण्यासाठी अवयव वापरा. ५ मुळे दशांश चिन्हानंतरचा पहिला एक अंक आवर्तनाबाहेर राहतो. १३ चं आवर्तन ६ अंकांचं, १७ चं १६ अंकांचं. दोन्हींचा लसावि ४८, म्हणून आवर्तन ४८ अंकांचं. इथे ६ × १६ = ९६ असा थेट गुणाकार करू नका.

## टप्पा ७: आकृतिसंख्या

आकृतिसंख्या म्हणजे ठिपके मांडून त्रिकोण, दशकोन अशा आकृती रचता येतात त्या संख्या. त्या पटकन तपासता येतात. फक्त दोन अटी असतात आणि लोक दुसरी विसरतात.

त्रिकोणी: ८ पट करून १ मिळवा, ८,८४१. ९४ चा वर्ग ८,८३६ आणि ९५ चा ९,०२५. पूर्ण वर्ग नाही, म्हणून त्रिकोणी नाही.

दशकोनी: १६ पट करून ९ मिळवा, १७,६८९. हा १३३ चा वर्ग. दुसरी अट: १३३ + ३ = १३६ ला ८ ने भाग जायला हवा. जातो, भागाकार १७. म्हणून ११०५ ही सतरावी दशकोनी संख्या. पडताळणी: ४ × १७ × १७ − ३ × १७ = १,१५६ − ५१ = ११०५.

जादूचा चौरस: १ ते १६९ या संख्या १३ × १३ च्या चौरसात भरल्या, तर एकूण बेरीज १४,३६५. तिला १३ ने भागलं की प्रत्येक ओळीची बेरीज ११०५.

## टप्पा ८: "सर्वांत लहान" लिहिण्याआधी

११०५ ही चार वेगळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येणारी सर्वांत लहान संख्या आहे. विधान खरं आहे, पण चार प्रकार सापडले एवढ्यावर ते लिहिता येत नाही. ११०५ च्या खाली अशी एकही संख्या नाही, हेही दाखवावं लागतं.

चौथ्या टप्प्यातला गुणाकार चार प्रकारांसाठी ७ किंवा ८ यायला हवा. मोजणीत फक्त ४ ने भागल्यावर १ बाकी देणारे मूळ अवयव धरायचे. २ किंवा ३ सारखे अवयव जोडले तर संख्या मोठी होते, प्रकार वाढत नाहीत. ७ साठी एकच अवयव सहा वेळा हवा: ५ चा सहावा घात, १५,६२५. ८ साठी तीन वाटा आहेत. एकच अवयव सात वेळा: ७८,१२५. एक तीनदा आणि दुसरा एकदा: ५ × ५ × ५ × १३ = १,६२५. तीन वेगळे, एकेकदा: ५ × १३ × १७ = ११०५. गुणाकार ९ किंवा जास्त करायचा, तर त्यातल्या लहानातल्या लहान संख्या ५ × ५ × १३ × १३ = ४,२२५ आणि ५ × ५ × १३ × १७ = ५,५२५ अशा निघतात. ११०५ च्या खाली एकही नाही.